दुसऱ्या दिवशीचा खेळ

कामरगावच्या पंचशील नगरात यशोधरेचं नाटक वर्षातून दोनदा होतं. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी होतं ते पाहुण्यांसाठी. कारंज्याहून कुणी पुढारी येतो, अमरावती-अकोल्याला नोकरीवर असलेली मंडळी गाड्या घेऊन येतात, हारतुरे होतात, भाषणं होतात, आणि भाषणांतून वेळ उरला तर नाटक होतं. त्या वेळी वस्तीतल्या बाया कुठे असतात? विहाराच्या मागे, भट्टीवर. खिरीचे गंज ढवळत, पुऱ्या तळत, पदराने घाम पुसत. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत पाडून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की तेच नाटक पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फक्त भट्टीवर राबलेल्या बायांसाठी. त्या दिवशी सतरंज्या पुरुष घालतात, पाणी पुरुष फिरवतात, चहासुद्धा पुरुषच करतात. चहा फार वाईट होतो. बाया तो हूं की चूं न करता पितात. तेवढी मोठी मनं त्यांची आहेत. ह्याला म्हणतात बायकांचा खेळ. वस्तीत कुणी ‘यंदा नाटक कसं झालं’ असं विचारलं तर ते ह्या दुसऱ्या खेळाबद्दलच असतं. पहिला कसा झाला ते पाहुण्यांनी आपसात ठरवावं.

रत्नमालाने हा बायकांचा खेळ कधी पाहिला नव्हता. पाहणार कशी? पंचवीसेक वर्षं यशोधरा तीच होती. पाहुण्यांसमोरही तीच, बायांसमोरही तीच. यंदा मात्र ती भट्टीवर होती, आणि भट्टीवर होती म्हणून आज तिला सतरंजीवर बसून नाटक पाहायचा हक्क होता. असा हक्क वैऱ्यालाही मिळू नये, असं तिला सकाळपासून वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. गेला म्हणजे अगदीच गेला नाही. बोलण्यापुरता राहिला, पण असा की फोन उचलला तर पलीकडून लोक ‘कोण, भाऊ बोलून राह्यले काय?’ असं विचारायचे. पहिल्या पहिल्यांदा ती हसायची. मग तिने फोन उचलणंच सोडलं. नाटकाच्या तालमी सुरू व्हायची वेळ आली तेव्हा यशोधरा कोण, हा प्रश्न कुणी तिच्या तोंडावर काढला नाही. एक दिवस तिचा नवरा इंद्रभान जेवताना भाकरीकडे पाहत म्हणाला, “सपनाले उभं करतो म्हन्तात लोकं.” सपना म्हणजे त्यांची सून, मेडशीची, अश्वजितची बायको. रत्नमालाने त्याच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाली, “करा ना. गाते चांगली.”

सपना गाते चांगली, हे खरंच होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्या छातीतला दम. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे ट्रॅकपँट चढवून कारंज्याच्या रस्त्याने धावायला जायची. सुरुवातीला वस्तीने कुजबुज केली, मग कुजबुजीचाही कंटाळा आला. धावून आली तरी तिला धाप म्हणून लागत नसे. दारात उभी राहून बूट सोडता सोडता ती सासूशी अख्खी गोष्ट बोलून टाकायची. रत्नमाला ते पाहायची आणि मनात तिचा दम मोजायची. कारण त्या नाटकातलं शेवटचं गाणं काय मागतं, ते तिला ठाऊक होतं.

ते गाणं रत्नमालाच्या सासऱ्यांनी रचलेलं. जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलायचे आणि डोक्यात चाली घोळवायचे. अख्खं नाटक त्यांचंच. शेवटी सिद्धार्थ घर सोडून निघतो, आणि यशोधरा लोकांकडे पाठ करून पाळण्याशी बसते, गाते:

जा राया, जगाचं दुखणं शोधायला जा,
पाळण्याची दोरी हाती माझ्या राहू दे.

‘जा राया’पासून ‘राहू दे’पर्यंत एक दम. ‘दोरी’वर आवाज चढत चढत वर जातो, तिथे थांबतो, डुलतो, आणि त्याच दमात खाली उतरून ‘हाती माझ्या राहू दे’ म्हणून पायरीवर टेकतो. सासरे शिकवताना बजावायचे, “एका दमात, बाई. मधी तुटलं तं पोराची दोरी तुटली असं समज.”

पहिल्याच वर्षी तुटलं. अश्वजित तेव्हा अंगावर पीत होता, तापाने फणफणलेला, रत्नमालाला झोप नव्हती. नाटकाच्या ओट्यावर पाळण्याशी बसून तिने गाणं उचललं, ‘दोरी’वर आवाज नेला, आणि छाती रिकामी. ‘हाती माझ्या’ हे दोन शब्द आलेच नाहीत. कानात नुसतं काळीज धडधडत होतं, शेजारी इंद्रभान पेटीवर तोच सूर दाबून धरून बसला होता. तिने कसाबसा दम घेतला, ‘राहू दे’ म्हटलं आणि मेल्याहून मेल्यासारखी झाली. खाली उतरली तर लोक म्हणाले, काय गळा दाटला बाईचा! खरी यशोधरा! सासरे काहीच बोलले नाहीत, आणि पुढच्या पौर्णिमेआधी ते गेले. रत्नमालाही बोलली नाही.

एकदा भीती बसली की ती जागा सोडत नाही. घरी चूल फुंकता फुंकता ती ते गाणं आरामात एका दमात म्हणायची. ओट्यावर बसली की ‘दोरी’पाशी घोडं अडायचं. दर वर्षी, दोन्ही खेळांत, त्याच जागी. इंद्रभान सूर धरून ठेवायचा, आपली लाज झाकायला धरतो असं तिला वाटायचं आणि त्याबद्दल ती मनातून त्याची ऋणी होती. लोक म्हणायचे रत्नमालाचं थांबणं काय थांबणं आहे! थांबणं! ती थांबत नव्हती, ती बुडत होती. पण पंचवीस वर्षं ज्याला लोक कला म्हणतात, त्याला आपण उठून खोट म्हणायचं म्हणजे तोंड कुठे लपवायचं?

आणि काल पौर्णिमेला सपनाने ते गाणं एका दमात म्हटलं.

रत्नमाला तेव्हा भट्टीपाशी होती, खिरीच्या गंजात सराटा घालून. भोंग्यातून ‘दोरी’ वर गेली, थांबली, डुलली, आणि हात सोडून घसरगुंडीवर पोर उतरावं तशी सरळ खाली आली, ‘हाती माझ्या राहू दे.’ पुढून टाळ्या, शिट्ट्या, वन्समोअर. सपनाने वन्समोअरही दिला, तोही एका दमात, मेलीला धाप नाही. मग कारंज्याचा पाहुणा माईकवर आला. म्हणाला, “इतकी वर्षं मी येतोय, पण हे गाणं आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.”

त्याने ते बिचाऱ्याने कौतुकाने म्हटलं असेल. रत्नमालाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आग ओसरल्यावर जे उरलं ते त्याहून वाईट होतं. भट्टीवरच्या बाया एकमेकींकडे पाहत होत्या. त्यांच्यात थोरली लिलाबाई, जिच्या शब्दाशिवाय खिरीत साखर पडत नाही. तिने झारा आपटला आणि म्हणाली, “ते राहू दे पाहुण्याचं. उद्या पाहू.” उद्या पाहू म्हणजे काय पाहू? रत्नमालाने विचारलं नाही. खीर बुडाला लागली ती मात्र तिच्याच हातून.

म्हणून आज सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. निवडलेली तूरडाळ तिने पुन्हा निवडायला घेतली. वाळत घातलेली चादर काढली, झटकली, पुन्हा तिथेच घातली. दुपारी आडवी झाली तर पाठीला सतरंजी टोचत होती, उठली तर उन्हाने अंगण नुसतं भाजत होतं. एकदा वाटलं, पाय सुजले म्हणावं आणि घरीच राहावं. पण भट्टीवरची बाई बायकांच्या खेळाला आली नाही तर वस्ती तिला न्यायला वरात घेऊन आली असती. न जाणं म्हणजे जाण्यापेक्षा मोठा तमाशा.

तेवढ्यात सपना आली. डोक्यावरून टॉवेल, हातात पाण्याची बाटली, चेहरा पडलेला.

“आत्याबाई, एक विचारू?”

“विचार.”

“लिलाआजीनं मले आत्ता नळावर धरलं. म्हने, कालचं झालं ते झालं, आज आमचं आमाले देजो. मी म्हटलं काय देऊ? तं म्हने, तुह्या सासूले विचार, ते बराबर देत होती.” ती उंबऱ्यावर बसली. “तुमी काय देत होत्या?”

रत्नमालाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिला वाटलं तेच झालं. बायांना तिचं ते तुटणं हवं होतं, तिचा तो दाटलेला गळा. पंचवीस वर्षं खाऊन खाऊन जिभेला चव लागली होती खोटीची. आता काय सांगायचं पोरीला? ‘दोरी’पाशी थांब, असं सांगितलं की झालं. सून सासूसारखं थांबेल, लोक म्हणतील पाहा, घराण्याची रीत, आणि पाहुण्याचं ते वाक्य वाऱ्यावर जाईल. रत्नमालाची अब्रू जशीच्या तशी. आणि खरं सांगितलं तर? तर ह्या पोरीच्या डोळ्यांत एकदा तरी दया दिसेल. ती दया घेऊन घरात कसं वावरायचं?

“सांगा ना, आत्याबाई,” सपना म्हणाली.

“मले काय मालूम त्या बुढीच्या मनात काय हाय ते!” रत्नमाला खेकसली. तिचा खरखरीत आवाज खेकसला की उगाच दुप्पट कडू वाटायचा. “तुले जमते तसं म्हन. छाती हाय ना तुही? मंग!”

सपना उठून गेली. दारातून बाहेर पडेपर्यंत तिची पाठ ताठ होती, पुढे कोपऱ्यावर ती जरा वाकली असं रत्नमालाला दिसलं. तिने जीभ चावली. हाक मारावी म्हणून ती दारापर्यंत गेली, तिथून परत फिरली, पुन्हा गेली. तोवर गल्ली रिकामी झाली होती.

विहाराच्या भिंतीची सावली मैदानावर लांब पडली तेव्हा बाया आल्या. काल सगळ्या पांढऱ्या साडीत होत्या. आज जिची तिची आवडती. मोरपंखी, लिंबोणी, लग्नातली, लेकीने पाठवलेली. पुरुषांनी सतरंज्या वाकड्या घातल्या होत्या, त्या बायांनी बसण्याआधी सरळ केल्या. चहा आला. लिलाबाईने एक घोट घेतला, कपात पाहिलं आणि म्हणाली, “साखर तेवढी सापडली वाटते.” तिने रत्नमालाला हाताला धरून आपल्याशेजारी, अगदी पुढे बसवलं. सुटायची सोय नव्हती.

समोरून नाटक कसं दिसतं हे रत्नमालाला ठाऊकच नव्हतं. अश्वजित सिद्धार्थ झाला होता. आपलं पोर इतकं हात हलवून बोलतं हे तिला आज कळलं. राजवाडा म्हणजे दोन पडदे आणि लग्नातल्या खुर्च्या. पण तिचं लक्ष कशातच लागेना. दर प्रवेशाला ती पुढे काय येणार ते मोजत होती. आता म्हातारा दिसला, आता रोगी, आता प्रेत. आता उरलं काय? तिच्या पायाला मुंग्या आल्या, तिने पाय बदलला, पुन्हा आल्या. तोंडातल्या तोंडात ती सपनाचं वाक्य सपनाच्या आधी म्हणत होती, आणि लिलाबाईने कोपराने ढोसलं तेव्हा गप्प झाली.

सिद्धार्थ गेला. सपना लोकांकडे पाठ करून पाळण्याशी बसली. बांबूच्या तिकाटण्याला टांगलेला पाळणा, आत कापडाचा राहुल. इंद्रभानने पेटीचा भाता ओढला.

रत्नमालाला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, थांबू नको पोरी, एका दमात म्हण, तुझ्या आजेसासऱ्याने तसंच रचलंय. लगेच वाटलं, म्हणशील त्याची शपथ घालते, पण थांब ग बाई, आजच्या दिवस थांब. दोन्ही इच्छा तिच्या एकाच छातीत एकदम उठल्या.

“जा राया, जगाचं दुखणं शोधायला जा...”

सपनाचा आवाज सरळ निघाला, स्वच्छ. “पाळण्याची दोरी...” वर गेला. थांबला. डुलला. रत्नमालाने डोळे मिटून घेतले. पोरगी थांबणार नव्हती, ते तिला तिच्या खांद्यांवरून कळलं होतं. आता खाली उतरणार, आता—

“हाती आमच्या.”

रत्नमालाने डोळे उघडले. हे सपनाने म्हटलं नव्हतं. हे तिच्या उजवीकडून आलं होतं, डावीकडून आलं होतं, पाठीमागून. अवघ्या सतरंज्यांवरच्या बाया, पदर तोंडाशी धरून, हळू, दबक्या आवाजात, एका सुरात म्हणाल्या होत्या. ‘माझ्या’ नाही. ‘आमच्या’. लिलाबाईचं दात नसलेलं तोंड अजून त्या ‘च्या’वर उघडंच होतं.

ओट्यावर सपना दचकून गप्प झाली होती. ‘हाती’ एवढं तिच्या तोंडून निघालं होतं आणि तिथेच राहिलं होतं. तिने मान वळवून पाहिलं, जे यशोधरेने नाटकात कधी करायचं नसतं. इंद्रभान मात्र सूर दाबून शांत बसला होता. त्याला हे काही नवीन नव्हतं. त्याने भुवईने तिला खूण केली आणि सपनाने गडबडीत ‘राहू दे’ म्हटलं.

“हे... हे कधीपासून मावशी?” रत्नमालाच्या तोंडून कसंबसं निघालं.

“काय कधीपासून?”

“हे तुमी म्हन्ता ते.”

लिलाबाईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू गळ्याबरोबर डोक्याचंही ऑपरेशन झालं की काय. “पयल्या सालापासून. अव, तूच नाई का देत होती आमाले? दोरीपाशी तू थांबे, आमच्या हाती दे, मंग पुढे जाये. दिवसभर चुलीपाशी मरून आलेल्या बायांले कोन इचारते? तू इचारे. म्हनून तं आमी येतो.” तिने पदराने तोंड पुसलं. “काल त्या पोरीनं सगळं एकटीनंच गिळलं. पाहुन्याइले चालते. आमाले कसं चालन?”

“मले कधी आइकूच नाई आलं.”

“तू पाठमोरी. कानापाशी पेटी. आमी बी काय भोंगा लावून म्हन्तो काय?”

“याहीले मालूम होतं?” रत्नमालाने ओट्यावरच्या इंद्रभानकडे बोट केलं.

“त्याले काय मालूम नाई! इतके साल त्याचं बोट कोनासाठी थांबून राह्यलं होतं?”

रत्नमालाला हसू यावं की रडू हे कळेना, आणि दोन्ही एकदम आलं. पंचवीस वर्षं ती त्या जागी पाण्यात बुडाल्यासारखी हवेसाठी तडफडत होती, पाठीमागे लोक आपली नामुष्की पाहत बसलेत असं समजत होती. आणि पाठीमागे ह्या सगळ्या तिचं राहिलेलं उचलत होत्या. कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं काय त्यात? देणारीला सांगतात का, तू दिलंस म्हणून? तिला एकदम वाटलं की हे कौतुकही फुकटचं आहे, हेही आपलं नाही. आता हे मनात ठेवलं तर मरेपर्यंत टोचत राहील.

“मावशी,” ती म्हणाली. आवाज फाटला, तिने तो तसाच पुढे ढकलला. “मी काई देत-बित नव्हती. मी थांबतच नव्हती. माहा दम तुटे तिथी. दर साली. माहा दम पुरतच नव्हता वो.”

आजूबाजूच्या दोन-तिघींनी ऐकलं. त्या वळल्या. लिलाबाईने रत्नमालाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मंग? आमचा तं पुरे ना.”

एवढंच म्हणून ती ओट्याकडे वळली आणि हात वर करून ओरडली, “फिरून! फिरून एकदा!” त्याबरोबर सगळ्याच ओरडल्या. बायकांच्या खेळात वन्समोअर नसतो, ‘फिरून’ असतं, आणि ते नाकारायची सोय नसते.

सपना पाळण्याशी गोंधळून बसली होती. तिने गर्दीतून सासूला शोधलं. दुपारचं खेकसणं तिच्या चेहऱ्यावर अजून होतं. रत्नमालाने हात उचलला, तळवा तिच्याकडे केला, तिथे, असं, आणि मग तोच तळवा हळूच आपल्या बाजूला, बायांकडे वळवला. सपनाने क्षणभर पाहिलं. मग तिची मान हलली आणि ती पाठमोरी झाली. इंद्रभानने पुन्हा भाता ओढला.

“जा राया, जगाचं दुखणं शोधायला जा, पाळण्याची दोरी...”

आवाज वर गेला, डुलला, आणि थांबला. सपनाच्या छातीत अजून पुष्कळ दम शिल्लक होता, पण ती थांबली. पेटीवर एक सूर नुसता वाजत राहिला.

हे दोन शब्द रत्नमालाने ओट्यावरून कधीच म्हटले नव्हते. तिने तोंड उघडलं. आवाज घोगरा निघाला, फाटका, पुरुषासारखा, पण सगळ्यांत तो मिसळून गेला आणि शेजारच्या बाईने वळूनही पाहिलं नाही.

“हाती आमच्या,” ती म्हणाली, आणि वरून सपनाने ‘राहू दे’ उचललं.